बांधावरची रोपं

आंबेटेकात भाताला कुंपण घालायची रीत नाही. बैल शिरला तर दगड मारायचा, शेजारी शिरला तर शिवी हासडायची, झालं. म्हणून अण्णासाहेबांनी ओढ्याकडची आपली खाचरं एका बियाणे कंपनीला भाड्यानं दिली आणि कंपनीनं त्यांच्याभोवती पुरुषभर उंचीची हिरवी जाळी ठोकली, तेव्हा कुशाबानं पहिल्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं, "गोजरे, ज्याला काय तरी लपवायचं आस्तं, त्योच ताट झाकून जेवतो."

"तुला दुसऱ्याच्या ताटाचं काय करायचंय? तुझं तू जेव," गोजराबाई म्हणाली.

पण कुशाबाचं जेवण त्या जाळीनं नासवलं ते नासवलंच. जाळीवर पाटी: परवानगीशिवाय आत येऊ नये. पाटीखाली एक राखणदार, तोही परमुलखातला. ओढ्यावर जाता-येता कुशाबा त्याला विचारायचा, "आत काय लावलंय रे?" तो म्हणायचा, "चावल."

"आरं चावल तर आमी बी लावतो. आमच्या चावलाला हवालदार लागत न्हाई."

राखणदार नुसता हसायचा. त्याला बोलणं कळायचं नाही, आणि कुशाबाला त्याच्या हसण्यातही डाव दिसायचा.

संशय घ्यायचा तर कारण होतंच. माले गावाच्या अलीकडं-पलीकडं आता शेत राहिलंय किती? कुणी पुणेकराला बंगल्यासाठी जागा दिली, कुणी खोल्या बांधून भाडं खातोय, आणि जे विकलं नाही त्यात फार्महाउसवाल्यांचं शोभेचं गवत. अशा मुलखात कुशाबानं एकच गोष्ट धरून ठेवली होती, घरचा आंबेमोहर. आज्यापासून चालत आलेलं बी. दर साली उभ्या खाचरात फिरून चांगल्या लोंब्या स्वतः निवडायच्या, वेगळ्या झोडायच्या, वेगळ्या ठेवायच्या. बाजारात आंबेमोहर म्हणून कसलाही बारका तांदूळ खपवतात आणि शिकलेली माणसं डोळे मिटून त्याचा वास घेतात. पण ज्याला खरं बी हवं, तो मे महिन्यात कुशाबाच्या ओट्यावर येऊन बसायचा. एरवी गावात त्याला मान नव्हता. तोंड फाटकं, पंचायतीला दोनदा पडलेला, भावकीशी अबोला. मान होता तो बियाण्याला. ते गेलं तर मागं नुसता एक भांडकुदळ म्हातारा उरणार, हे दुसऱ्या कुणी त्याला सांगायची गरज नव्हती.

जाळीत काय आहे ते शेवटी अण्णासाहेबांच्याच तोंडून बाहेर आलं. फकरुद्दीनच्या किराणा दुकानापुढं चारचौघं बसले होते.

"आंबेमोहरच हाय," अण्णासाहेब म्हणाले. "पन कंपनीनं त्याच्यात नवा गुन घातलाय. खोडकिडा लागत न्हाई. भायेरनं औषध मारायचं कामच न्हाई. औषध आतच."

"आतच म्हंजे?" कुशाबानं विचारलं.

"म्हंजे किडा खाईल आन् मरंल."

"आन् मानूस खाईल तर?"

"मानूस काय किडा हाय का?"

"काई काई हायेत की," कुशाबा त्यांच्याकडं बघत म्हणाला.

दुकानापुढं हशा पिकला. अण्णासाहेबही हसले. ते नेहमीच हसतात. स्वतःची जमीन विकताना हसले नसतील एवढे दुसऱ्याला विकायला लावताना हसतात. सून शुभांगी सरपंच झाली तेव्हाही हसत होते, कारण बाईसाठी राखीव खुर्ची म्हणजे सासऱ्याची खुर्ची, हे गावातल्या कुत्र्यालाही कळतं.

पण 'आंबेमोहरच हाय' हे शब्द कुशाबाच्या डोक्यात रुतून बसले. दुसरं कुठलं भात असतं तर उभ्या पिकात ओळखू आलं असतं, उंचीनं, पानानं, दाण्यानं. हे सोंग तर त्याच्याच भाताचं घेतलेलं. तेच पान, तोच वास. उद्या दोन्ही एकत्र झालं तर निवडणार कोण, आणि कशाच्या जोरावर?

म्हणून ऐन लावणीत तो तक्रार घेऊन पौडला, तालुक्याच्या कचेरीत गेला. मोठे साहेब मीटिंगला. दुसऱ्या साहेबानं सांगितलं, हे आमच्याकडं नाही, कृषीचं आहे. कृषीवाला म्हणाला, ही परवानगी वरनं आलीय. वर म्हणजे कुठं, ते कुणाला सांगता येईना. कुशाबानं वर बघितलं. वर पंखा होता.

तो त्या पंख्याखाली बसला होता तेव्हा इकडं पावसानं फुगलेल्या ओढ्यानं त्याच्या खालच्या खाचराचा बांध फोडला आणि एका कोपऱ्यातलं नुकतं लावलेलं रोप धुऊन नेलं.

मुळशीकडं भाताचं रोप राबावर करतात. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण टाकून जमीन भाजायची आणि पावसाच्या तोंडावर तिथं दाट बी फेकायचं. कुणाचं रोप जोमदार येतं आणि उरतं, कुणाचं मरतं आणि कमी पडतं. म्हणून एक रीत पडून गेलेली. लावणीच्या दिवसांत रोप मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, मग त्याच्याशी कोर्टात दावा का चालू असेना. उरलेल्या जुड्या बांधावर ठेवायच्या, ज्याला कमी पडेल तो उचलेल. हिरवं रोप वाळू द्यायचं नाही, भात रुसतं. आणि कुणाचं, कुठलं हे विचारायचं नाही. पावसात वाकून कमरेचे तुकडे पडत असताना चौकशा करत बसायला सवड कुणाला असते? कुशाबाच्या राबातली रोपं अशीच गावभर गेली होती, आणि कुणी कधी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी भिजून चिंब होऊन तो पौडहून परतला तेव्हा कोपरा पुन्हा लावून झालेला होता.

"रोप मिळालं?" त्यानं विचारलं.

"मिळालं," गोजराबाई म्हणाली, आणि चहा पुढं केला. विषय तिथंच संपला.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडल्या, आणि त्या साली खोडकिड्यानं आंबेटेकाला घोळसलं. जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या, फुसक्या लोंब्या. कुशाबाच्या खाचरातही होत्याच. फक्त तो खालचा कोपरा असा टवटवीत की नजर लागावी. एक लोंबी फुसकी नाही. कुशाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून तिथं नेऊन दाखवायचा. "बघा. लेंडीखत आन् शेनखत. कंपनी म्हनं गुन घालती! गुन मातीत आस्तो रं, जाळीत न्हाई."

गोजराबाई बांधावर उभी राहून ऐकायची. तिला वाटायचं, तो कोपरा तर मी लावला. पण नवरा खुशीत आहे, कशाला टोका. हे तिनं नंतर सांगितलं.

दोन ऑक्टोबरची ग्रामसभा समाजमंदिरात भरली. गांधीजींच्या फोटोला हार, हाराखाली माईक, माईकमधून कावळा ओरडल्यासारखा आवाज. शुभांगी सरपंच मधल्या खुर्चीत, आणि तिच्या मागं, जिथं सरपंचाच्या सासऱ्यानं बसायचं काहीच कारण नाही तिथं, अण्णासाहेब. बाजूला कंपनीच्या सायली मॅडम. पुण्याच्या, तिशीतल्या, पायात गमबूट. कुशाबाला ते गमबूटसुद्धा संशयास्पद वाटले. चिखलाची सवय असल्याचं दाखवणारा माणूस काय तरी विकायला आलेला असतो, असं त्याचं मत.

ग्रामसेवकानं ठराव वाचला. गावाच्या हद्दीत असल्या बदललेल्या पिकाची चाचणी होऊ नये, अशी वर शिफारस करावी.

"शिफारस नको!" कुशाबा उभा राहिला. "वरच्याला शिफारस म्हंजे देवळातल्या घंटीसारकी. ज्यो येतो त्यो वाजवतो, देव काय उठत न्हाई. त्याच्याफुडं लिवा. ज्याच्या वावरात ह्ये भात सापडंल, त्यानं आपल्या हातानं उपटायचं. गावासमोर जाळायचं. मग त्यो कुनी का आसंना."

सभेनं टाळ्या वाजवल्या. कुशाबाच्या मनात नाव एकच होतं. अण्णासाहेबांचे चुलतभाऊ जाळीबाहेर चोरून तेच भात लावतायत, असा त्याचा पक्का वहीम. पुढच्या साली तेच बी आंबेमोहर म्हणून विकणार, आणि कुशाबाच्या ओट्यावर कुत्रंही येणार नाही.

सायली मॅडम उठल्या. "काका, तुमची काळजी मी समजू शकते. पण आमचं बियाणं जाळीच्या बाहेर गेलेलं नाही. प्रत्येक रोपाचा हिशोब आहे."

"ताई, हिसाब ठेवनारा तुमचा, मोजनारा तुमचा, जाळी तुमची. आमी फकस्त हवा खायाची का?"

"मग तपासून बघू," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. हिरवं पान चुरडायचं, छोट्या नळीतल्या पाण्यात घालायचं, त्यात कागदाची पट्टी धरायची. एक रेघ उमटली तर साधं भात, दोन उमटल्या तर जाळीतलं. "बाहेरच्या कुठल्याही खाचरातलं पान आणा. एकच रेघ येईल."

कुशाबाचे डोळे बारीक झाले. ह्या बाईनं ही डबी बरोबर कशाला आणली? लग्नाला येताना कुणी तिरडीचं सामान पिशवीत घालून येतं का? कुठं तरी पाणी मुरत होतं. आणि मग त्याच्या डोक्यात आलं, पट्टीच खोटी असणार. कसलंही पान घातलं तरी एकच रेघ दाखवणारी. म्हणजे चोर सुटला.

"आदी माजं पान घ्या," तो म्हणाला. "खरा आंबेमोहर कसा दिस्तो ते बघू द्या गावाला. मग ह्यांच्या भावाबंदांचं आनू. आन् पान मी आननार. दुसऱ्या कुनाच्या हाताचा भरवसा न्हाई."

त्याचं खाचर समाजमंदिराच्या उतारालाच. तो तरातरा खाली गेला. वाटेत फुसक्या लोंब्या लागल्या, त्यांच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. पाहुण्याला दाखवायचं ते चांगलंच दाखवतात. तो नीट त्या खालच्या कोपऱ्यात गेला, सगळ्यात टवटवीत रोपाचं पान खुडलं, आणि हातात निरांजन असावं तसं सांभाळून वर आणलं.

मॅडमनी पट्टी नळीत धरली. पुढच्या रांगेतली पोरंटोरं, म्हातारी माणसं सगळी वाकली.

एक रेघ आली. मग तिच्याखाली दुसरी.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी पट्टी उजेडाकडं धरली, पुन्हा पाहिली.

"पट्टी खोटी हाय!" कुशाबा ओरडला. "मला ठावंच हुतं!"

"त्याच खाचरातलं दुसऱ्या टोकाचं पान आणा," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझ्याकडे अजून पट्ट्या आहेत."

कुशाबा पुन्हा गेला. वरच्या टोकाचं, किडकं पान आणलं. एकच रेघ आली. पट्टीत खोट नव्हती.

मागून कुणी तरी फिदीफिदी हसलं. "कुशाबा, लेंडीखताच्या दोन रेघा येत्यात व्हय रं?"

कुशाबा अण्णासाहेबांकडं वळला. "ह्यो डाव हाय! माज्या खाचरात कुनी तरी चोरून लावलंय. अण्णासायेब, तुमचंच काम!"

"मी चिखलात वाकून कवा रोप लावलंय रं?" अण्णासाहेब म्हणाले. आणि हे मात्र खरं होतं, सभेतल्या प्रत्येकाला ते खरं वाटलं. "आत कामाला कोन जातं ते बग की आदी."

सगळ्यांच्या माना ताजबीकडं वळल्या. ताजबी म्हणजे फकरुद्दीनची बायको. नवरा दुकानावर, आणि ही गावातल्या बायकांची लावणीची टोळी चालवते. जाळीच्या आत याच टोळीनं लावणी केली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. कुणी तरी मागून पुटपुटलं, "ह्यांचा काय भरवसा." कोण ते कळलं नाही. असली माणसं तोंड दाखवत नाहीत.

आणि कुशाबा, ज्यानं हे ऐकून त्या तोंडात मारायला हवी होती, तो तिलाच म्हणाला, "ताजबी, आत तू जातीस. तुला ठाव आसनार."

ताजबी उठली. पदर खोचला.

"जाते की. पोट हाय. आन् तुज्या खाचरात बी मी लग्न होऊन आल्यापास्नं वाकतीया. तुजी माय मेली त्या साली तुजी समदी लावनी कुनी उरकली? तवा न्हाई इचारलंस भरवसा हाय का म्हनून."

"त्ये येगळं."

"काय येगळं?"

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं गोजराबाई उभी राहिली. ग्रामसभेत ती आजवर कधी उभी राहिली नव्हती.

"तिला नगा बोलू. कोपरा मी लावलाय," ती म्हणाली. "ह्ये पौडला गेल्ते तवा बांध फुटला. वड्याच्या बांधावर जुड्या पडल्या हुत्या, त्या म्या उचलल्या. आपल्यात उचलत्यात तश्या."

"आन् त्या जुड्या आमी ठेवल्या," ताजबी म्हणाली. "आतली लावनी उरकली, रोप उरलं. ह्यांचा मुकादम म्हनला, फेका कुटं बी आन् जावा घरी, पाऊस लागलाय. फेका म्हनला! हिरवीगार रोपं. आमी काय फेकतोय? बांधावर ठेवली. ज्याला लागली त्यानं नेली. गोजराबाई एकलीच न्हाई."

ती एवढंच बोलली, नावं घेतली नाहीत. पण समाजमंदिरात जे झालं ते बघण्यासारखं होतं. मघाशी टाळ्या वाजवणारे हात मांडीखाली गेले. कुणी फरशीकडं बघू लागला, कुणी गांधीजींकडं. त्या पावसात ओढ्यानं एकट्या कुशाबाचा बांध फोडला नव्हता.

सायली मॅडम म्हणाल्या, "उरलेली रोपं जाळीच्या आतच पुरायची असतात. बाहेर टाकायची नसतात. ही आमच्या माणसाची—"

"मॅडम, बसा जरा," अण्णासाहेब म्हणाले. पहिल्यांदाच ते हसत नव्हते. त्यांनी सुनेच्या पुढचा माईक आपल्याकडं ओढला. "म्हंजे मंडळी, कंपनीचा माल जाळीच्या भायेर गेला. इचारल्याबिगर. ह्याला काय म्हनत्यात ते मी सांगायला नगो. पोलिसात गेलं तर पयली ताजबी, मग ज्यांनी ज्यांनी उचललं त्या समद्या बाया. आन् ह्यो ठराव पास झाला तर प्रत्येकानं आपापलं उपटायचं, कुशाबानंच लिवाय लावलंय. मी म्हनतो कशाला? आपलं आपल्यात ठेवू. ठराव मागं घ्या. कंपनी बी गप, आपन बी गप. भात चांगलं आलंय, खावा."

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. माल टाकला कंपनीच्या माणसानं, भाडं घेतलं अण्णासाहेबांनी, आणि चोर कोण, तर हिरवं रोप वाळू न देणाऱ्या बायका. मॅडम खाली बघत बसल्या. त्यांना पगार होता, आणि पगारी माणसाचं अर्धं वाक्य नेहमी अर्धंच राहतं.

कुशाबा म्हणाला, "ठराव ऱ्हाऊ द्या. मी माजं उपटतो."

"कोपरा उपट आन् बस गप," कुणी तरी म्हणालं.

"कोपरा कसा? फुलोरा धरलाय. वारं काय बांध बघून व्हातंय?" तो मॅडमकडं वळला. "ताई, खरं सांगा. ह्या कोपऱ्याचा पराग पलीकडच्या लोंबीत जात न्हाई?"

"भातात ते फार कमी होतं, काका. बहुतेक दाणे आपल्या आपणच धरतात."

"कमी म्हंजे न्हाईच का?"

"नाहीच असं नाही सांगता येणार."

"मंग मी बी म्हनून कसं देऊ लोकाला?"

शुभांगीनं सासऱ्याकडं बघितलं, मग सभेकडं. "ठरावाच्या बाजूनं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा," ती म्हणाली. एवढं तरी ती स्वतःच्या आवाजात म्हणाली.

कुशाबाचा हात वर गेला. गोजराबाईचा गेला. आणि भिंतीजवळ, जिला पोलिसाची भीती घातली होती, त्या ताजबीचा गेला. बाकी सगळं समाजमंदिर लकवा मारल्यासारखं. कुशाबानं मागं वळून एकेकाचं तोंड पाहिलं. ह्याच तोंडांनी सकाळी फकरुद्दीनच्या दुकानापुढं कंपनीच्या नावानं शिव्या दिल्या होत्या.

"विषय पुढच्या सभेत घेऊ," ग्रामसेवक म्हणाला, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढची सभा म्हणजे विहिरीत टाकलेला दगड.

बाहेर पडताना सायली मॅडमनी कुशाबाला गाठलं. "काका, त्या पट्ट्या माझ्या पिशवीत नेहमीच असतात. आज मुद्दाम नव्हत्या आणल्या."

"व्हय व्हय," कुशाबा म्हणाला. त्याचा विश्वास बसला नाही. आजही नाही.

त्यानं त्याच दुपारी उपटायला घेतलं, आधी खालचं खाचर, मग वरचं. भरल्या फुलोऱ्यातलं भात. मूठ मूठ धरून चिखलातनं ओढायचं, मुळांचा चिखल झटकायचा, बांधावर टाकायचं. वासानं जीव गुदमरायची पाळी आली. तो वास एरवी तांदूळ शिजताना घरात दरवळायचा, आणि आता उतारभर पसरला होता, कुजायला निघालेला. गोजराबाई दुसऱ्या टोकाकडून उपटत होती. दोघं मधोमध आली तेव्हा तो म्हणाला, "मला सांगितलं का न्हाईस, कुटनं आनलं त्ये?"

"तू इचारलंस का?"

त्यानं पुढची मूठ धरली. वर रस्त्यावर माणसं उभी राहून बघत होती. "येडं हाय," एकजण म्हणाला, अगदी ऐकू येईल असं. कुणी खाली उतरलं नाही. ओल्या भाताला आग लागेना म्हणून ते कातळावर पसरून वाळवावं लागलं, आणि जाळलं तेव्हा बघायला गाव नव्हतंच. ओढ्यापलीकडं जाळीतलं भात मात्र ऐटीत उभं होतं. दिवाळीनंतर कंपनीनं ते कापलं, पांढऱ्या पिशव्यांत भरलं, मोटारीत घातलं. ज्यांनी बांधावरची रोपं नेली होती त्यांनीही आपापलं भात कापलं, घरात भरलं आणि तोंडं शिवून घेतली. कुणाचं कुठलं, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या मे महिन्यात कुशाबाच्या ओट्यावर कुणी आलं नाही. त्याच्याकडं द्यायलाही नव्हतं. कणगीच्या तळाशी खायचं म्हणून ठेवलेलं त्याआधीच्या सालचं थोडं भात होतं, जाळी यायच्या आधीचं. जुनं बी, उगवेल तेवढं उगवेल. त्यानं ते राबावर दाट फेकलं आणि रोज सकाळी जाऊन उकिडवं बसून बघू लागला. उगवलं, पण विरळ. म्हाताऱ्याच्या टाळूसारखं.

लावणी आली. वरचं खाचर कसंबसं भरलं आणि रोप संपलं. खालच्या खाचरात नुसतं पाणी. गोजराबाई म्हणाली, "जा, माग कुनाकडं तरी."

"कुनाकडं?" तो म्हणाला. सगळ्या गावात एक बांध असा नव्हता की जिथली जुडी तो डोळे मिटून उचलेल. अमक्यानं उचललं होतं की नव्हतं? तमका खरं बोलेल का? रात्रंदिवस हेच. जेवताना हेच.

आणि एका भर पावसातल्या दुपारी ताजबी आली. जाळीवाल्यांनी ह्या साली तिच्या टोळीला बोलावलं नव्हतं, बाहेरची माणसं आणली होती. अण्णासाहेब रस्त्यात भेटले की अजून तिला पोलिसाचं नाव काढून दाखवायचे. ती बांधावरून चालत आली, डोक्यावर रोपांचा भारा, पाणी निथळून तोंडावरून ओघळतंय. भारा तिनं कुशाबाच्या खाचराच्या कडेला उतरवला.

"उरलंय माजं. घे."

रोप सुरेख होतं. काळंभोर हिरवं, मुळं पांढरी. कुशाबाचा हात पुढं गेला. आणि मग थांबला.

"कुटलं हाय?" त्यानं विचारलं.

ताजबी त्याच्याकडं बघतच राहिली. असं वाटलं की तिला ऐकू आलं नसावं.

"माज्या राबाचं," ती म्हणाली.

"आन् बी? बी कुटलं हुतं?"

पाऊस लागलेलाच होता. ताजबीनं तोंडावरचं पाणी पुसलं. खाली वाकली, भारा उचलून पुन्हा डोक्यावर घेतला, आणि आली त्या बांधावरून परत चालू लागली. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी कुशाबाचा हात अजून तसाच पुढं होता.

मागं गोजराबाई वरच्या खाचरात वाकलेली होती. तिनं पाण्यानं उपटलेलं एक रोप पुन्हा चिखलात रोवलं, कमरेवर हात देऊन उभी राहिली, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आता आपल्याला बी जाळी घाल तेवडी."